काशिनाथकाकांचा पांढरा रुमाल

गाडीचा धूर हुंगायचा असेल, तर काशिनाथकाका सकाळचा चहा घेत नाहीत. चहाने नाक बिघडतं, असं त्यांचं म्हणणं आहे. आंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा रुमाल हातात घेऊन ते सायलेन्सरमागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतात आणि पूजा सांगणाऱ्या भटजींसारखा हात वर करतात. मग गाडी चालू करायची.

काका आमच्या चौलचेच. मांडव्याच्या लाँचवर ते इंजिन ड्रायव्हर होते. सगळी नोकरी इंजिनाशेजारी काढल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नाही. त्यांनी कुणाच्या कानात सांगितलेली गोष्ट तीन घरं पलीकडे ऐकू जाते. आता ते लोकांच्या जुन्या गाड्या बघतात. दुरुस्ती करत नाहीत, फक्त निदान सांगतात. दुरुस्तीचं विचारलं तर म्हणतात, "पाना काय कोनी बी फिरवील."

आईच्या गाडीसाठी मी त्यांच्याकडे गेले. आमच्या आळीत गाडी चालवणारी पहिली बाई माझी आई. अलिबागच्या शाळेत रोज ती याच गाडीने जायची. निवृत्त झाल्यापासून गाडी बाजारापुरतीच निघे, आणि हल्ली इंजिन ऑइल फार खात होती. गॅरेजवाला म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागेल. बाबा म्हणाले, "उघडायचं असेल तर सरळ भंगारात." त्या संध्याकाळी आईने गाडी आतून पुसून काढली.

मी आईला आणि गाडीला घेऊन पोचले, तर काकांनी कुंपणापासूनच विचारलं, "पिते का सांडते?"

"खाली डाग पडत नाही," आई म्हणाली.

"मंग पिते. कवा पिते, बाई? उठल्याउठल्या, का चढाव?"

रस्त्याने जाणारे दोघे थांबले. आमच्या घरातल्या कुणाच्या तरी व्यसनाची चौकशी चालली आहे, असं त्यांना वाटलं असावं. आईने घाईने गाडीचं बॉनेट उघडून दाखवलं.

"म्हाईत न्हाय ना? मंग रात्री हिला हितंच निजू द्या. आजारी मानूस सकाली खरा दिसतो."

ही काकांची अट आहे. गाडी रात्रभर त्यांच्या आवारात राहिलीच पाहिजे. पोयनाडहून येवोत की मुरूडहून, लोक मुकाट्याने गाडी ठेवून रिक्षाने परत जातात.

सकाळी आम्ही गेलो. आईने किल्ली फिरवली. काकांनी रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरला, मग आभाळाकडे धरून पाहिला, मग हुंगला. रुमाल पांढराच होता.

"उठल्याउठल्या धूर न्हाय, म्हंजे व्हॉल्व्हची सीलं बरी हायत. चला, आता खाडीच्या पुलाव."

खाडीच्या पुलाकडे जाताना गाडी मी चालवत होते आणि आई शेजारी. काका मागच्या सीटवर उलटे, गुडघे टेकून, मागच्या काचेला नाक लावून. साठी केव्हाच उलटलेला माणूस सहलीला निघालेल्या पोरासारखा दिसत होता. "दाब, बाय," ते ओरडले. पुलाचा चढ लागला. "अजून दाब." आरशात मला निळा धूर दिसला.

"रिंगा," आई पुटपुटली.

"गप ऱ्हावा, बाई. धूर बोलतोय. धूर खोटं बोलत न्हाय."

परत आल्यावर त्यांनी इंजिन चालूच ठेवायला सांगितलं आणि ऑइल ओतायचं झाकण काढलं. झाकणाच्या आत खरवसासारखा पिवळट साका होता. काकांनी त्या तोंडावर तळवा ठेवला, डोळे मिटले. मीही श्वास रोखून उभी राहिले. खरं सांगते, एवढं कान देऊन ऐकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"हिचा दम कोंडलाय."

इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते, ती त्याच साक्याने बुजली होती. गाडी थोडंच चालली की इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ आतच राहते आणि ऑइलमध्ये मिसळून साकळते. मग दाब वाढतो आणि ऑइल नको तिथे जाऊन जळतं. आईने बांगड्या वर सारून ती नळी रॉकेलने स्वतः धुतली. पुलाच्या पहिल्या फेरीत थोडा धूर आला. दुसऱ्या फेरीत आरशात धूर दिसला नाही. तिसऱ्या फेरीत ते सीटवर सुलटे बसले.

"रिंगा ठणठणीत. हिला लांब न्या, बाई. नुसती बाजारात नेता न् आनता."

"लांब कुठे जाऊ मी आता?"

"कुटं बी जा. पन जा."

निघताना मी धीर करून विचारलं, "काका, गाडी आमच्या आवारातही रात्रीत थंडच झाली असती. इथेच का ठेवायची?"

ते रुमालाची घडी घालत राहिले. मग बोलले ते इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं.

"पोरगा मस्कतला जायच्या आधी सकाली हितं गाडी चालू करायचा. त्या आवाजानं जाग यायची मना. आता कुनाची बी चालू झाली तरी चालते."

बाबांनी भंगाराचा विषय पुन्हा काढलेला नाही. शनिवारी संध्याकाळी आई गाडी काकांच्या आवारात लावते आणि चालत घरी येते. रविवारी सकाळी तिथे जाऊन चालू करते आणि मग आम्ही दोघी मुरूडपर्यंत जाऊन येतो. निघण्याआधी काका रुमाल धरतात, आभाळाकडे करून बघतात, हुंगतात. रुमाल पांढराशुभ्र असतो. ते तो उलटा करूनही पाहतात.

"खात्री न्हाय वाटत, बाई. पुडच्या शनवारी आना."

"आणते," आई म्हणते.