फुकटचा पोपट

आमच्या शेजारच्या भाऊकाकांच्या हातात कुणी फुकटची वस्तू ठेवली, की ते ती आधी उलटी करून बघतात. दुकानदाराचं कॅलेंडर असो की लग्नात मिळालेली पिशवी. मग त्यांचं ठरलेलं वाक्य येतं, "फुकट तं विंचूबी डसत नाही, पोरी."

सारी नोकरी पांढरकवड्याच्या एका कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर गेली, त्याचा हा परिणाम असावा. आईने कढीपत्ता दिला की तासाभरात त्यांच्याकडून लिंबं येतात. त्या लिंबांचं लोणचं पाठवलं की तुरीच्या शेंगा. मुलीने पुण्याहून पाठवलेला टॅबसुद्धा खोक्यासकट कपाटावर पडून होता. "लेकीचं फुकट खाऊ काय?"

मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणजे मला कॉम्प्युटर दुरुस्त करता येतो, असा गल्लीचा समज आहे. मी सहसा कुणाकडे जात नाही. पण त्या रविवारी काका स्वतःच दारात आले.

"मिनू, मशीन पागल झालं. नातू दिसूनच नाही राह्यला. चाल बरं."

त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लॉटरी लागल्याच्या पाट्या एकीवर एक उघडत होत्या. मी म्हटलं, "काका, हे साफ करायचं एक सॉफ्टवेअर मिळतं. फुकट."

काका खुर्चीसकट मागे सरकले. "फुकट? काहून? त्याले काय भेटते?"

"जास्त सोयी हव्या असतील तर लोक पैसे देतात. आपल्याला एवढंच पुरे."

"पत्ता भेटला तं शेंगा धाडू त्याले," असं म्हणून त्यांनी परवानगी दिली.

तपासणी सुरू झाली. सापडलेल्या गोष्टींची यादी वाढत गेली. राशिभविष्य, रांगोळ्या, हलणारी फुलं. काका खूश झाले. "सारं तुया काकूचं काम! फुकट दिसलं का घेतलंच तिनं. काढ सारं."

काकू दिवाळीच्या आधी गेल्या.

तेवढ्यात स्क्रीनच्या कोपऱ्यातून एक हिरवा पोपट चालत आला आणि परदेशी पाहुण्यासारखा बोलला, "आहो, गोली घेटली का?"

काका उठले. फडताळातली गोळी काढून पाण्यासोबत घेतली आणि परत येऊन बसले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. पोपटाला काय बोलायचं ते शिकवता येत होतं. काकूंनी ते वाक्य इंग्रजी अक्षरांत टाकून वेळ लावून ठेवली होती.

यादीतलं शेवटचं नाव पोपटाचं होतं.

"हाबी त्यातलाच काय?"

"हो काका. या पाट्या हाच बोलावतो."

"मंग काढ. नातवाचं तोंड पाहाचं हाये मले." मी माऊस हलवला. "थांब जराशी," ते म्हणाले.

मी यादीतल्या पोपटाच्या नावापुढची खूण काढली आणि बाकीचं सगळं पुसलं. "इंटरनेटची वायर काढून टाकली तर हा राहू शकतो. पाट्या येणार नाहीत. पण मग नातवाशी टॅबवर बोलावं लागेल."

काकांनी कपाटाकडे बघितलं. "तो फुकटचा हाये."

"पोपटही फुकटचाच आहे," मी म्हणाले. माझ्या तोंडून हे कसं निघालं, कोण जाणे.

काकांनी स्टूल ओढलं. खोकं खाली काढलं, धोतराच्या सोग्याने धूळ पुसली आणि माझ्या हातात दिलं. उलटं करून बघितलं नाही.

संध्याकाळी भिंतीपलीकडून नातवाचा आरडाओरडा ऐकू आला. आई पिशवी रिकामी करून शेंगांची वाट बघत होती. शेंगा आल्या नाहीत. लिंबंही नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोपटाने गोळीचं विचारलं. मग काकांचा आवाज आला, "घेतो वं, घेतो. जेवण तं होऊ दे."