मडके एक, सुस्थितीत

आमच्या अकोल्याच्या मिडल स्कूलमध्ये चित्रकलेच्या तासाला स्टुलावर एक मडके ठेवतात आणि मुलांनी ते पाहून काढायचे असते. १९६१ च्या सहामाहीत माझी शालू, इयत्ता पाचवी, या मडक्यावर नापास झाली. मी बी. ए. असल्यामुळे मला पुढचे सगळे ताबडतोब दिसू लागले. वार्षिकलाही असेच झाले तर सहावी हुकणार. भाजी फोडणीला पडेपर्यंत माझ्या मनात तिचे लग्नसुद्धा मोडून झाले होते.

प्रगतिपुस्तक पुन्हा पाहिले. नव्या पद्धतीप्रमाणे वर्तनाला पन्नास गुण, वर्गातील सहभागाला पंचेचाळीस आणि उरलेले पाच चित्राला. शालूला चित्रात पाचपैकी पाच होते. वर्तनात शून्य. सहभागापुढे ‘अति’ असा शेरा आणि तेथेही शून्य.

मी शाळा गाठली. ड्रॉइंगमास्तर खुशालरावांनी तिचा कागद पुढे सरकवला. मडके सुरेख उतरले होते. फक्त पोटाला लिंबाएवढे भोक होते.

“पाहा बाई, हे काय काढून ठेवलं तुमच्या पोरीनं?”

“भोक.”

“थेच म्हन्तो मी!”

मी खिडकीजवळच्या तिच्या बाकावर बसून स्टुलाकडे पाहिले. “पण गुरुजी, मडक्याला भोक आहे.”

खुशालरावांनी दार लोटून घेतले. “आहे न! मले का दिसत नाही? पन सामानाच्या रजिस्टरात ‘मडके एक, सुस्थितीत’ असं लिवलं आहे. त्याच्याखाली हेडमास्तरची सही, त्याच्याखाली इन्स्पेक्टरची. शालूचं भोक खरं धरलं, त दोन सह्या खोट्या पडतात. मंग चौकशी. माझी नोकरी जाईन न त्या भोकातून!”

“अन् सहभाग ‘अति’ काहून?” घाबरले की माझी पदवी गळून पडते.

“तिनं हात वर करून इचारलं, ‘गुर्जी, भोकाले सावली देऊ का?’ साऱ्या वर्गानं ऐकलं, बाई!”

वर्तन सुधारावे म्हणून शालूला समोरच्या बाकावर हलवण्यात आले. मग लक्षात आले, की खिडकीकडच्या सर्वच मुलांचे वर्तन धोक्यात आहे. तेव्हा चाळीसही मुले मडक्याच्या चांगल्या बाजूला बसवण्यात आली. एका बाकावर सात. शेवटी रेटारेटीत पहिला बाक सरकला, स्टुलावर आदळला आणि मडक्याचे तुकडे झाले.

खुशालरावांनी खापऱ्या झाडून काढल्या, स्टूल जागेवर ठेवले आणि शांतपणे म्हणाले, “हं, पोरांनो. पाहून काढा.”

एकोणचाळीस मुलांनी मडके काढले. शालूने स्टूल काढले.

मी घरीच तयारी सुरू केली. रोज शाळा सुटल्यावर स्वयंपाकघरातले स्टूल मध्ये ठेवायचे.

“शालू, काय दिसते?”

“स्टूल.”

“नीट पाहा. सहावीत जायचे आहे ना, बेटा?”

चौथ्या दिवशी तिला मडक्याचा काठ दिसला. आठव्या दिवशी पोट दिसले. बाराव्या दिवशी तिने डाव्या बाजूला उजेडाचा ठिपकासुद्धा दिला, तेव्हा मी तिची दृष्ट काढली.

वार्षिकला वर्तनात पन्नास, सहभागात पंचेचाळीस! प्रदर्शनात तिचे चित्र मधोमध, शेजारी ते स्टूल. इन्स्पेक्टरसाहेबांनी एक डोळा मिटला, पेन्सिल हातभर पुढे धरून स्टुलावरची हवा मोजली आणि म्हणाले, “प्रमाण अचूक आहे.” हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. पालकांची रांग पुढे सरकू लागली आणि प्रत्येक जण मान डोलावून म्हणू लागला, “हुबेहूब!”

सर्वांत मोठा आवाज माझा होता.

शालूने माझा पदर ओढला. हळूच, अगदी शिस्तीत विचारले, “आई, तुले बी दिसून राहिलं?”

“दिसते ना,” मी म्हणाले.

हसलात? हसा. पण एकदा आपल्या पाल्याचे प्रगतिपुस्तक काढून वर्तनाचे गुण पाहा. पैकीच्या पैकी असतील, तर घरी शिकवणी कोणी घेतली, ते मला सांगू नका.