रविंद्रचा पहिला अल्बम

रविवारच्या पेपरात रविंद्रचा पहिला अल्बम फसल्याचं छापून आलं, आणि सोमवारी दुपारपर्यंत अख्ख्या मोहल्ल्याला रविंद्रचं पहिलं लग्न मोडल्याचं कळलं.

तसा दोष कोणाचाच नव्हता. रविंद्र आणि त्याच्या तीन दोस्तांनी ‘उकाडा’ नावाचा बँड काढून एक कॅसेट भरली होती. तीत गिटार विव्हळायची, ड्रम धपाधप कोसळायचे आणि मधूनच रविंद्र दाढ दुखल्यासारखा ओरडायचा. अशा कॅसेटला ही पोरं अल्बम म्हणत. मोहल्ल्याला ठाऊक असलेला अल्बम एकच, मखमली पुठ्ठ्याचा, लग्नाच्या फोटोंचा, चहाच्या आधी पाहुण्यांच्या मांडीवर ठेवायचा.

त्यात पेपरातल्या समीक्षकानं लिहिलेलं : ‘घाईत जमवलेलं प्रकरण. सूर जुळलेच नाहीत. ज्यांच्यासाठी केलं, त्यांनीच पाठ फिरवली. रविंद्रनं दुसऱ्या वेळी तरी नीट विचार करावा.’

रविंद्रचे वडील रुपराव यांनी तीस वर्षं पायपीट करून टपाल वाटलं होतं, पण या दोन दिवसांत जेवढे थकले तेवढे कधी थकले नव्हते. शेजारच्या रुखमाबाई लग्नाला बोलावलं नाही म्हणून फुगून बसल्या. भंडाऱ्याहून मेहुण्यांची तार आली, धीर धरा. रुपराव ज्याला त्याला समजावून सांगत, आणि जो तो मान हलवून, बाप बिचारा पोराचं झाकून राहिला, असं मनाशी म्हणत निघून जात.

मंगळवारी काटोलचे कवडूजी आले. त्यांच्या मुलीशी, गोपिकेशी, रविंद्रचं जवळपास ठरलं होतं, फक्त तारीख काढायची होती. याआधीची दोन स्थळं रविंद्रच्या लांब केसांपायी गेली होती. हे तिसरं. अंगणातल्या कडुनिंबाचं पानही हलत नव्हतं. कवडूजींनी खिशातून पेपराची घडी काढून मांडीवर उलगडली.

“रुपरावजी, पोराचं पहिलं लग्न काहून लपवलं गा आमच्यापासून?”

रुपरावांत पुन्हा पहिल्यापासून सांगायचं त्राण उरलं नव्हतं. त्यांनी आत पाहिलं. “लाव वं ते,” ते बायकोला म्हणाले.

सिंधूताईंनी देव आठवून टेपचं बटण दाबलं.

कवडूजी हलले नाहीत. दुसऱ्या गाण्याला त्यांनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. तिसऱ्याला फळीवरून मांजर उतरून गेली. पाचव्याला त्यांनी डोळे मिटले, ते कॅसेटची पहिली बाजू संपून टेप खट्‌कन थांबेपर्यंत उघडले नाहीत. हेही स्थळ गेलं, रुपरावांनी मनाशी म्हटलं, आणि त्यांना जरा मोकळंच वाटलं. दुःखाचा तेवढा एक फायदा असतो, ते आलं की वाट पाहणं संपतं.

“हाच अल्बम?” कवडूजींनी विचारलं.

“हाच.”

“लोकायले आवडला का?”

“नाही जी. एकालेही नाही.”

“बायापोरी आइकतेत का?”

“कानावर पदर घेतेत.”

कवडूजींच्या चेहऱ्यावरची घडी हळूहळू सुटली. “मंग माही शंका फिटली गा. याच्यावर कोनती पोरगी भाळली नसन. तारीख काढा.”

आतल्या दारात रविंद्र केव्हाचा उभा होता. तो चाचरत म्हणाला, “काकाजी, दुसरी बाजू आइकाची राह्यली अजून.”

कवडूजींनी टोपी डोक्यावर ठेवली आणि घाईघाईनं चपला शोधल्या.

“लग्न लागल्यावर आइकू, जावईबापू.”