इंगोले काकांना समुद्र दाखवला

इंगोले काका लिफ्टमध्ये स्वतः शिरत नाहीत, भाजीची पिशवी पाठवतात. पिशवी आत ठेवायची, तिसऱ्या मजल्याचं बटण दाबायचं, चटकन बाहेर यायचं आणि आपण जिन्याने निघायचं. ते आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत नवे आले होते तेव्हाची गोष्ट. मी लिफ्टचं दार उघडलं तर आत माणूस नाही, नुसती मेथीची जुडी. पाठोपाठ धापा टाकत काका आले, पिशवी ताब्यात घेतली आणि म्हणाले, "लिफ्ट पडते म्हणत नाही मी, ताई. पण पडली तर? मेथी जाईन, माणूस तर वाचते."

"मेथीला विचारलंत का?" मी म्हटलं. शेवटी मी पुण्यातली.

काकांनी गंभीरपणे मान हलवली आणि घराचं दार लावून घेतलं. कडीसुद्धा घातली. समोरच्या दारात राहत असल्यामुळे हे सगळं मला ऐकू येतं.

काका मूळचे वर्ध्याकडचे. सगळी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये झाली. काकू गेल्या आणि त्याच वर्षी इकडे त्यांच्या मुलाला, निलेशला, मुलगी झाली. निलेशने वडिलांना पुण्याला आणलं. निलेश आणि त्याची बायको पल्लवी दोघंही हडपसरला आयटीत. ती दोघं सकाळी गेली की घरात उरतात काका आणि अडीच वर्षांची इरा. पुण्यात काकांची दुसरी ओळख नाही. सोसायटीच्या बाकावरच्या आजोबांनी एकदा त्यांना "आपण कुठले?" असं विचारलं होतं आणि उत्तर मिळताच पुन्हा पेपर वर धरला होता. त्यामुळे काकांचं जे काही बोलणं आहे ते इराशी. परिणाम असा, की पल्लवी पिढ्यान् पिढ्यांची पुणेरी आणि तिची मुलगी ताट पुढे ढकलून म्हणते, "मले नोको."

काकांच्या भीतीला ताळतंत्र नाही. कोणी फुगा फुगवायला घेतला की ते दुसऱ्या खोलीत जातात. स्वारगेटचा चौक ओलांडायला रिक्षा करतात. "काका, समोरच तर आहे," असं रिक्षावाल्याने सांगितलं तरी आत बसून म्हणतात, "दिसते मले. चाल." इराचं द्राक्ष ते चिरून देतात, चिरलेलं पुन्हा चिरतात, आणि तिने गिळेपर्यंत स्वतः श्वास घेत नाहीत.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण एके दिवशी बागेत इरा घसरगुंडीवर चढली, वर बसली, खाली बघितलं आणि काकांच्याच सुरात म्हणाली, "पल्ली तल?" मग तोंड फिरवून शिडीनेच खाली आली. मागे माझा ओजस रांगेत होता, तिच्याच वयाचा. तो डोक्यावर आपटत खाली गेला आणि हसत उठला. पल्लवी मात्र हसली नाही.

त्या संध्याकाळी जिन्यात ती मला म्हणाली, "अगं, अडीच वर्षांच्या मुलीला घसरगुंडीचं टेन्शन आहे. बाबांचं सगळं तिच्यात उतरलंय. मी आता तिला पाळणाघरातच घालणार." मी तिला म्हटलं, जरा थांब. आमचं दोन्ही कुटुंबांचं मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझचं ठरत होतं. लहान मुलांसाठी खास सोय, खेळायला खोली, उथळ पाण्याचा हौद, मऊ खिचडी, सगळं होतं म्हणे. पल्लवी म्हणाली, "ठीक आहे. बाबांनाही नेऊ. तिथे त्यांनी तिला घाबरवलं नाही तर बघू. पण घाबरवलं, तर आल्याबरोबर पाळणाघर."

त्यांच्या दाराच्या आतून कडी हळूच काढल्याचा आवाज आला. काकांनी सगळं ऐकलं होतं.

त्यानंतर मी जे पाहिलं ते फार अवघड होतं. जन्मभर घाबरलेला माणूस शूरपणाचं सोंग आणत होता. मुंबईच्या धक्क्यावर ती सोसायटीएवढी बोट पाहून काकांच्या कपाळावर घाम फुटला. ओठ हलले, "बुडते म्हणत नाही मी..." इथवर आलंसुद्धा. पण पल्लवीने मान वळवली आणि काका घाईघाईने म्हणाले, "मस्त हाये! लय मस्त हाये!"

त्यानंतर सगळंच मस्त होतं. दंडाला सुई टोचत असताना हसावं तसं हसून ते मस्त म्हणत. बोट हलली, मस्त. इरा गॅलरीतल्या खुर्चीवर चढली, मस्त. संकटात काय करायचं त्याची तालीम झाली तेव्हा बाकीचे लोक लाइफ जॅकेट घालून फोटो काढत होते आणि काका एकटे त्या शिट्टीवाल्या मुलाचा शब्द न् शब्द ऐकत होते. मुलांसाठीचं छोटं जॅकेट त्याने इराच्या गळ्यात घातलं तेव्हा काकांनी तोंड फिरवलं. सकाळी निलेशने मला सांगितलं, की बाबा झोपलेच नाहीत, इराच्या पाळण्याचा दांडा धरून बसून होते आणि विचारलं तर म्हणाले, झोपच कमी झाली आहे आताशा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला वरच्या डेकवर भेटले. कठडा सोडून बरेच आत, भिंतीला पाठ लावून उभे होते. मी म्हटलं, "काका, समुद्र तिकडे आहे."

"मले माहीत हाये ना." मग इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "ताई, एक सांगू? एवढं पाणी! अन् त्याच्यात एवढंसं लेकरू. बोललो तर पल्लवी पोरीले नेऊन टाकते पाळणाघरात. नाही बोललो तर जीव जाते. आता काय करू मी, सांगा तुम्ही."

मी काय सांगणार? मी म्हटलं, नाश्ता करा. हे पुणेरी सांत्वन.

नाश्ता झाल्यावर मी आणि पल्लवी खालच्या हॉलमध्ये कॉफी घेत बसलो. निलेश केबिनमध्ये लॅपटॉप उघडून बसला होता. मुलं आमच्यापाशी नव्हती आणि त्यामुळे आम्ही खुशीत होतो. मला वाटत होतं मुलं काकांकडे आहेत, पल्लवीला वाटत होतं ती माझ्या नवऱ्याकडे, महेशकडे आहेत. तेवढ्यात भोंगा झाला. बोट मंदावल्याचं पायांना कळलं. खलाशी पळत गेले. ध्वनिक्षेपकावर कोणी तरी फार शांतपणे इंग्रजीत सांगायला लागलं, की सर्वांनी आपापली मुलं जवळ घ्यावीत. त्या शांतपणाचीच भीती वाटली. मग हॉलच्या दारातून एक बाई रडत आत आली. ती खालच्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीत उभी होती आणि वरून काही तरी तिच्या डोळ्यांसमोरून पाण्यात गेलं होतं.

"बच्चा था!" ती ओरडत होती. "लाल फ्रॉक था, सफेद बुंदकीवाला!"

पल्लवीच्या हातातला कप खाली पडला. तो फ्रॉक इराचा होता. पल्लवीनेच आणला होता, प्रवासासाठी, आणि सकाळी इराला कपडे काकांनी घातले होते.

ती दाराकडे झेपावली. मी तिला धरलं खरं, पण माझंही मन एव्हाना सगळ्या बोटीवर ओजसला शोधत धावत होतं. इरा आणि ओजस बरोबरच खेळतात. एक कुठे गेलं की दुसरं पाठोपाठ जातं. आजूबाजूला आया आपापल्या मुलांना छातीशी दाबत होत्या आणि ज्यांची मुलं हाताशी होती त्यांचा मला त्या क्षणी राग आला.

तेवढ्यात काका धावत आले. हो, धावत. हलत्या बोटीवर, कशालाही न धरता. "कोणाचं लेकरू पडलं? इरा कुठं हाये?"

"तुमच्याकडे होती ना!" पल्लवी किंचाळली.

"मी महेशरावांजवळ देऊन गेलो होतो! त्या खेळाच्या खोलीत!"

"तिचा लाल फ्रॉक दिसला बाबा, पाण्यात..."

काकांचा चेहरा पांढरा पडला. "तो फ्रॉक मी टाकला," ते म्हणाले. "त्याच्यात नारळ होता."

कोणाला काही कळेना. काका अडखळत सांगू लागले. समुद्राला नारळ द्यायचा हे त्यांनी घरूनच ठरवलं होतं, म्हणजे तो पोरीला काही करणार नाही. नारळ डायपरच्या पिशवीत तळाशी आणला होता. पण त्याला गुंडाळायचं लाल कापड पुण्यातच राहिलं. मग त्याच पिशवीतला इराचा फ्रॉक घेतला आणि नारळाभोवती गाठ मारली. पोरीच्या अंगावरचं असलं म्हणजे कोणासाठी दिलाय ते समुद्रालाही कळेल, असा त्यांनी विचार केला. मागच्या डेकवर कोणी नाही असं बघून हात जोडले आणि सोडून दिला.

"नारळ होता, तर मग इरा कुठे आहे?" पल्लवीने विचारलं.

खेळाच्या खोलीत फोन लावला तर तिथे ना महेश, ना मुलं. काकांनी माझा दंड इतका घट्ट धरला, की वळ उठला. "ताई," ते कुजबुजले, "मी नारळच टाकला ना?"

ते डोळे मी कधी विसरणार नाही. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने गाठ मारली होती, त्याचाच स्वतःच्या हातांवर विश्वास उरला नव्हता.

महेश आला तेव्हा त्याच्या एका कडेवर ओजस होता, दुसऱ्या कडेवर इरा, आणि तिघांच्याही तोंडाला आइस्क्रीम. "कसला भोंगा होता? जेवण लागलं का?" त्याने विचारलं. मुलं हट्ट करत होती म्हणून तो त्यांना वरच्या टोकाच्या दुकानात घेऊन गेला होता. मी त्याला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पल्लवीने इराला ओढून घेतलं आणि तिच्या मानेत तोंड खुपसून तशीच जमिनीवर बसली. इरा म्हणाली, "आई, आईक्लीम सांडलं."

बाहेर खलाशी छोटी होडी पाण्यात सोडत होते. इरा सापडली होती, काकांनी आता तोंड मिटून बसलं असतं तरी चाललं असतं. नारळाची गोष्ट आमच्यातच राहिली असती. पण काका सरळ त्या पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्यासमोर जाऊन उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, होडी नोका पाठवू. तुमचे पोरं कायले पाण्यात उतरवता. वो बच्चा नहीं था. नारियल था. मैंने डाला."

अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर त्यांना झाडलं. निलेश मान खाली घालून माफी मागत होता. काका ताठ उभे राहून ऐकत होते. बोटीवरच्या सगळ्या मुलांची मोजदाद पुरी झाल्यावरच बोट पुढे निघाली. पल्लवी ओरडली नाही. संध्याकाळी तिने फक्त एवढंच म्हटलं, "बाबा, पुढच्या महिन्यापासून इरा पाळणाघरात जाईल."

"मस्त हाये," काका म्हणाले.

पाळणाघर आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. ओजस तिथेच जातो. इराच्या पहिल्या दिवशी दुपारी मी ओजसचा राहिलेला डबा द्यायला गेले, तर समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर काका बसलेले. शेजारी स्वतःचा डबा, न उघडलेला.

"सकाळपासून इथेच?" मी विचारलं.

"घरी जाऊन काय करू, ताई? घरात कोणी हाकच मारत नाही."

मी पुण्यातली असून मला एकही टोमणा सुचला नाही. मी तिथेच उभी राहिले. तेवढ्यात एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून पल्लवी उतरली. ती या वेळी हडपसरला असायला हवी होती.

"बाबा? तुम्ही इथे?"

"तू कशी आली?"

"मीटिंग होती... इकडेच." बिबवेवाडीच्या गल्लीत कसली मीटिंग, ते कोणी विचारलं नाही. तिने गेटकडे पाहिलं. "सकाळी रडली का हो ती?"

"नाही. बाईचं बोट धरलं अन् गेली. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही पोरीनं." हे सांगून काकांना इराचं कौतुक करायचं होतं, पण मध्येच त्यांनी रुमाल काढला आणि डोळे झाकले.

पल्लवी ऑफिसच्या कडक कपड्यांतच त्या धुळीच्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "बाबा, मी रोज ऑफिसातून तुम्हाला सारखे फोन करायची. जेवली का, झोपली का, खोकते का. आज कुणाला करू? तुम्ही दिवसभर घाबरायचात ना, म्हणून मला तिकडे निवांत बसता यायचं. आज सकाळपासून माझं मलाच घाबरावं लागतंय."

काकांनी रुमाल खाली घेतला. "मग दुपारी जेवायले घरी आणत जाऊ का मी तिले?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"आणा," पल्लवी म्हणाली. "आणि आणलं की मला फोन करा."