तामाणेसरांचं प्रोटीन

आमच्या मजल्यावरचे तामाणेसर कुणी गेलं की भेटायला जायचे आणि पहिलंच वाक्य बोलायचे, "वेळेवर मरता यायला हवं. सगळ्यांना जमत नाही." नव्वदीतल्या एका आजोबांच्या बाबतीत हे खपून गेलं. एरवी सरांच्या बायकोला, शैलावहिनींना, मागून हात जोडत फिरावं लागायचं.

सर खारघरच्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरवर संशोधन करून निवृत्त झालेले. उभं आयुष्य एका प्रोटीनमागे घालवलं. लिफ्टमध्ये सापडेल त्याला समजावत, "प्रत्येक पेशीच्या खिशात राजीनामा तयार असतो. बिघडली की तो देऊन तिने निघायचं. कॅन्सरची पेशी देत नाही, कारण हे प्रोटीन तिचा हात धरून ठेवतं. औषधाने तो हात सोडवायचा. बास! पेशी आपली आपण मरते."

एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये खुर्ची न सोडणाऱ्या सेक्रेटरी म्हात्रेंना ते म्हणाले, "तुमच्यात ते प्रोटीन फार वाढलंय."

"जिम लावलीय ना सर," म्हात्रे खुशीत म्हणाले.

मग शैलावहिनींनाच रक्ताचा कॅन्सर झाला. तोवर त्या प्रोटीनवरची गोळी बाजारात आली होती. शोध दुसऱ्यांचा, पण सर स्वतःच्या घरी बारसं असल्यासारखे खूश. गोळी स्वतःच्या हाताने द्यायचे. रिपोर्ट स्वच्छ आला तेव्हा अख्ख्या विंगला पेढे वाटले.

पुढच्या वर्षी आजार उलटला. "हुशार निघाल्या पेशी," सर कोरडेपणाने म्हणाले. "एकाच्या हातून सोडवल्या, तर दुसऱ्याच प्रोटीनने धरल्या."

वहिनी हॉस्पिटलमध्येच गेल्या. भेटायला आलेले म्हात्रे म्हणाले, "वेळेवर सुटल्या बिचाऱ्या." त्यांना वाटलं, सरांना हेच आवडतं. सरांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं.

परवा मी जेवणाचा डबा द्यायला गेले.

"सुनीताताई, बसा ना जरा." असं ते कधी म्हणत नसत. मी बसले.

"ती म्हणत होती, अहो, आता पुरे, घरी न्या. डॉक्टरही तेच म्हणत होते. मी भांडून आणखी एक औषध लावलं. थांब, म्हटलं, याने होईल. शेवटी नळ्यांमध्ये अडकवून ठेवलं मी तिला."

मी डब्याचं झाकण उगाच घट्ट करत राहिले.

"तुम्ही रोज बोलायचात तिच्याशी," ते म्हणाले. "मला तिचे शब्द आठवतात, आवाज आठवत नाही. जेवायला कशी हाक मारायची हो मला?"

मी घसा साफ केला. "अहो, पान घेतलंय."

"छे. इतकं हळू नाही."

मी पुन्हा हाक मारली, वहिनींसारखी, पार लिफ्टपर्यंत जाईल अशी. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं. सर डोळे मिटून तसेच बसून होते.