युरोपभर गजक

मधूकाकांची गजक खायची असेल तर आधी त्यांच्याशी भांडावं लागतं.

मधूकाका तीस वर्षं बेल्जियममध्ये, अँटवर्पला राहतात. दर जानेवारीत ते आगगाडीने युरोप पालथा घालतात. चर्च किंवा चित्रं बघायला नव्हे. वर्षभरात ज्यांच्याशी भांडण झालं, त्या सगळ्यांना गाठून तिळगूळ द्यायला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत मुदत असते, तेवढ्यात सगळे उरकतात. तिळगूळ म्हणजे आमची ग्वाल्हेरची गजक, तीळगूळ कुटून केलेली, जिभेवर ठेवताच भुगा होणारी. ती न्यायला ते डिसेंबरात ग्वाल्हेरला, नया बाजारातल्या आपल्या खोलीवर येतात. खोली आमच्या शेजारीच आहे. संक्रांतीच्या दोन दिवस आधी आठ डबे घेऊन परत जातात.

भांडणं बहुतेक खाण्यावरून. बोलोन्याच्या एका खानावळीत त्यांनी पास्त्यावर खिशातलं लिंबाचं लोणचं घेतलं. मालकीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मग काय, भिडलो," काका सांगतात. हे त्यांचं आवडतं वाक्य. पुढच्या जानेवारीत डबा घेऊन तिच्या दारात हजर. तिने एक तुकडा खाल्ला आणि हे करतात कसं, असं विचारलं. काकांना इटालियन येत नाही. त्यांनी दोन्ही मुठींनी कुटून दाखवलं. टेबलाचा एक पाय गेला. त्यावरून पुन्हा भांडण, म्हणजे त्याच्या पुढच्या जानेवारीची सोय झाली.

व्हिएन्नाच्या गाडीत तिकीट तपासनीसाने त्यांना बेसनाचे लाडू फोडू दिले नाहीत. वर्षाने काकांनी त्याला स्टेशनावर शोधून काढलं. त्या बिचाऱ्याला काहीच आठवेना. आधी भांडण समजावून सांगावं लागलं, आणि समजावता समजावता ते नव्याने झालं. गजक मात्र त्याने घेतली. "दोन घेतल्या," काका सांगतात.

परदेशातून आलेल्या माणसांना मी जरा टाळतोच. ती आल्याआल्या आपल्याला आपलीच धूळ दाखवतात. काकांनी ते कधी केलं नाही. ते इथल्या महाराज बाड्याच्या चौकात कचोरी खातात, चटणीवरून कचोरीवाल्याशी भिडतात. कचोरीवाला त्यांच्या दुप्पट भिडतो, आणि काका सणाला न्हाल्यासारखे घरी येतात.

एका माणसाला मात्र त्यांनी कधी गजक दिली नव्हती. थोरल्या भावाला. अण्णा किला गेटला राहतात, आमच्या गलीपासून ई-रिक्शाने वीस मिनिटं. सात वर्षांपूर्वी त्यांची आई गेली तेव्हा काका बेल्जियमहून निघाले, पण इकडे धुक्यात गाडी अडकली आणि ते तीन तास उशिरा पोचले. अण्णा तोवर स्मशानातून परतले होते. काका भरल्या घरात म्हणाले, तीन तास थांबता आलं नाही तुम्हाला? अण्णा म्हणाले, आई अकरा वर्षं थांबली होती. तेवढी वर्षं काका घरी फिरकले नव्हते; डिसेंबरच्या फेऱ्या त्यानंतरच्या. त्या दिवसापासून दोघं बोलले नाहीत.

आपल्यात तिळगूळ घेऊन धाकट्याने थोरल्याकडे जायचं असतं. काकांना हे पाठ आहे. म्हणूनच परतीचं तिकीट ते संक्रांतीच्या आधीचं काढतात, असा माझा कयास. तिकडे लोक खोळंबले असतात, असं ते म्हणायचे.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी ते जिन्यावरून घसरले. पाय प्लास्टरमध्ये, डॉक्टरांनी विमान बंद केलं. संक्रांत इथेच आली. काका रोज म्हणायचे, उद्या जाऊ अण्णाकडे. मी रोज हो म्हणायचो. असं करता करता रथसप्तमी उजाडली. दुपारी त्यांनी कुबडीने आमचं दार वाजवलं. इस्त्रीचा सदरा, काखेत डबा.

"चल बेटा. आज नाही तर मग साल गेलं."

रिक्शात मी गमतीने म्हटलं, तिकडे बोलोन्या, व्हिएन्ना सगळे वाट बघत असतील.

"कोणी नाही बघत," काका म्हणाले. रिक्शा बरीच पुढे गेल्यावर पुन्हा म्हणाले, "लोक फार सभ्य आहेत रे तिकडे. जिन्यात भेटले की हसतात. बस, संपलं. तीस वर्षं हसतायत. भांडलं म्हणजे निदान एकदा परत जाता येतं."

मी रिक्शावाल्याला उगाच रस्ता सांगत राहिलो.

अण्णा अंगणात खाटेवर ऊन खात पडले होते. पंचाऐंशीचे आहेत. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग प्लास्टरकडे, मग भावाकडे. काकांना वाकता येईना. ते कुबडीवर तसेच उभे राहिले आणि डबा पुढे केला. ज्या माणसाने निम्म्या युरोपला हातवारे करून "गोड बोला" सांगितलं, त्याला मराठीत ते सांगता येईना.

अण्णांनी डबा घेतला, एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला.

"गूळ जास्त आहे," अण्णा म्हणाले.

"बरोबर आहे गूळ."

"आईच्या वड्यांत एवढा नसायचा."

"असायचा अण्णा. याच्याहून जास्त असायचा."

"मला सांगतोस? तू होतास कुठे?"

काका कुबडीच्या मुठीकडे बघत होते. कोणी भिडायला आलं आणि ते भिडले नाहीत, असं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच झालं.

"नव्हतो," ते म्हणाले.

अण्णांनी दुसरा तुकडा घेतला. मग पाय हळूहळू पोटाशी ओढले आणि खाटेवर पायथ्याशी जागा केली.

"उभ्याने काय भांडतोस," ते म्हणाले. "बस."