ग्रामस्थ, दुय्यम श्रेणी

सन १९५९च्या मार्च महिन्यात मद्रासच्या ग्रामीण वैद्यक प्रशिक्षण कार्यालयाच्या निदर्शनास आले की, ग्रामीण वैद्यक शिकण्यासाठी डॉक्टर खेड्यात जात नाहीत. कारणे शोधायला समिती नेमण्यात आली. समितीने प्रत्यक्ष खेड्यात जाऊन पाहणी करावी असे ठरले होते, पण समितीचे सदस्यही डॉक्टरच असल्यामुळे ते गेले नाहीत, आणि नेमक्या त्याच कारणाने त्यांचा अहवाल अत्यंत विश्वसनीय मानला गेला. खेड्यात पंखा नाही, फिल्टर कॉफी नाही आणि संध्याकाळी सहानंतर परतीची बस नाही, असे त्यात नमूद होते. शेवटी शिफारस होती: डॉक्टर खेड्यात जात नसेल, तर खेडे डॉक्टरकडे आणावे.

त्याप्रमाणे गिंडीला, कारखान्यांच्या जागेला लागून, आमच्या कार्यालयाने एक खेडे बांधले. बारा झोपड्या, एक विहीर, एक डबके आणि सहा आदर्श संडास. संडासांना कुलूप होते. वापरले तर ते आदर्श राहणार नाहीत, हे उघड होते. विहिरीचे पाणी तपासले तेव्हा ते शुद्ध निघाले. सार्वजनिक आरोग्य हा शंभर गुणांचा विषय, आणि शुद्ध पाण्यावर प्रश्न तरी काय विचारणार? म्हणून डबक्यापासून विहिरीपर्यंत एक चर खणण्यात आला.

राहता राहिले खेडूत. खरे खेडूत आणावेत अशी एक सूचना आली होती. पण खऱ्या खेडुताला कोणता आजार कधी होईल याचा नेम नसतो, शिवाय बरा झाला की तो घरी जातो. तेव्हा कार्यालयातलेच कारकून प्रतिनियुक्तीवर घ्यायचे ठरले. मी व्यासराज, आवक-जावक विभागात एकोणीस वर्षे काढलेला तंजावरी माणूस. माझी नेमणूक ‘ग्रामस्थ, दुय्यम श्रेणी’ म्हणून झाली. लेखा विभागातल्या रामस्वामीला मिशा होत्या, म्हणून तो गावप्रमुख झाला.

आमचे साहाय्यक संचालक पद्मनाभराव आमच्यातलेच, तंजावरी मराठी. त्यांनी मला बोलावून काम समजावले.

“सोप्पं आहे हो व्यासराज. दहाला यायचं, पाचाला जायचं, मध्यें आजारी पडायचं. इतकंच की.”

“आणि साहेब, खरंच आजारी पडलों तर?”

“त्याला रजेचा अर्ज लागतो.”

आजारांचे वेळापत्रक टंकलिखित करून झोपडीत लावलेले होते. सोमवारी हिवताप, पैकी थंडी साडेदहा ते सव्वाअकरा. मंगळवारी जंत. बुधवारी डोळे येणे. गुरुवारी खरूज. शुक्रवारी अज्ञान व अंधश्रद्धा. शनिवारी अर्धा दिवस, म्हणून नुसता खोकला. विहिरीचे पाणी न उकळता प्यायचे. उकळून प्यायल्यास ते कर्तव्यात कसूर समजले जाई. लस टोचून घ्यायला दोनदा नकार द्यायचा आणि तिसऱ्या भेटीत, समजूत पटल्यावर, दंड पुढे करायचा. सुई मात्र रिकामी असे. खरी लस खऱ्या खेड्यातच वापरावी असा नियम होता, आणि खऱ्या खेड्यात ती टोचायला कोणी नव्हते.

घरी मात्र माझ्या पत्नीला, कनकाला, हे मुळीच रुचले नाही.

“माझ्या बापानं हापिसांतला जांवई बघून मला दिली,” ती म्हणाली. “आतां तुम्ही सदरा काढून डबक्यापाशीं बसतां. शेजारच्या अलमेलू मामीला मी काय सांगूं?”

“सांग, प्रतिनियुक्तीवर आहेत.”

“अय्यो, तें तिला कळलं असतं तर ती मला विचारली असती कां?”

पण खरे सांगायचे तर मी त्या कामात रमलो. माझी सोमवारची थंडी इतकी उत्तम असे की बघणाऱ्या डॉक्टरांना हुडहुडी भरे. मला प्रथम श्रेणी हवी होती. प्रथम श्रेणीच्या ग्रामस्थाच्या झोपडीला पुढे तिण्णै असे, म्हणजे दारासमोरचा बसायचा ओटा. एकोणीस वर्षांत मला कोणी असा ओटा देऊ केला नव्हता.

पुढच्या वर्षी जूनच्या तुकडीत रत्नाकर नावाचा एक तरुण डॉक्टर आला. घराणे मूळचे साताऱ्याकडचे, वडील रेल्वेत. मुलगा सरळ होता, आणि तोच त्याचा दोष. प्रशिक्षणात उत्तीर्ण होणाऱ्याला शहरातल्या रुग्णालयात जागा मिळे, आणि शहरात जागा मिळाली तरच मीनाक्षी नावाच्या मुलीशी त्याचे लग्न ठरणार होते. मुलीच्या वडिलांची तशी स्पष्ट अट होती. हे त्याने मला माझे जंत तपासताना सांगितले. त्या तीन आठवड्यांत मला ‘काका’ म्हणणारा तो एकटाच.

परीक्षेच्या आठवड्यातल्या सोमवारी मला थंडी वाजली ती सव्वाअकरालाही थांबेना. रामस्वामी कानाशी येऊन म्हणाला, “पोदुम् व्यासराज, पुरे. वेळ झाली.” मला पुरे करता येईना. मंगळवारी ताप, बुधवारी ताप. रजेचा अर्ज मी दिला होता, पण तो आवक-जावक विभागात पडून होता, कारण तिथला माणूस प्रतिनियुक्तीवर होता.

गुरुवारी परीक्षा. आठ डॉक्टर, एक रुग्ण, तो मी. समोर खुर्चीत पद्मनाभराव. पहिल्या सात जणांनी दाराकडूनच माझ्याकडे पाहिले, भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिले, खरूज असे लिहिले आणि गंधकाचे मलम चोळले. सातही पहिल्या वर्गात आले. माझ्या अंगावर मलमाचे सात थर बसले.

आठवा रत्नाकर. त्याने माझे मनगट धरले. थर्मामीटर लावला, जीभ बघितली, पोटावर हात ठेवला. मग उठून उभा राहिला.

“सर, यांना टायफॉईड झालाय. आत्ताच्या आत्ता रुग्णालयात हलवायला हवं.”

“आज वार कोणता, डॉक्टर?” पद्मनाभरावांनी शांतपणे विचारले.

“गुरुवार.”

“मग?”

“वार गुरुवारच आहे सर, पण ताप एकशे चार आहे.”

पद्मनाभराव मनाने वाईट नव्हते. त्यांनी अभ्यासक्रम उघडून त्याला दाखवला. “पुन्हां बघा. टायफॉईड ऑगस्टांत आहे. तुम्ही दोन महिने पुढें गेलांत. घाईंत होतं असं. मी रुग्णालाच विचारतों. काय हो, खाज सुटते कीं नाहीं?”

रत्नाकर माझ्याकडे वळला. “काका, खरं काय ते सांगा.”

माझे डोके घणघणत होते, पण शुद्ध पूर्ण होती, हे मी कबूल करतो. दारातून मला पलीकडच्या झोपडीची तिण्णै दिसत होती.

“सुटते साहेब,” मी म्हणालो. “बोटांच्या बेचक्यांत. रात्रीं ज्यास्ती.” आणि खाजवून दाखवले.

त्या खाजवण्याची मला आजही लाज वाटते.

रत्नाकर सार्वजनिक आरोग्यात नापास झाला. हुकूम छापील होता, फक्त नाव घालायचे होते: ‘सदर डॉक्टरांना ग्रामीण आरोग्याचे ज्ञान नसल्याचे सिद्ध झाल्याने त्यांची खेड्यात नेमणूक करण्यात येत आहे.’ तांबरमच्या पुढे सात मैलांवरचे एक खेडे त्याला मिळाले. संध्याकाळच्या गाडीने तो गेलासुद्धा. मला प्रथम श्रेणी मिळाली.

शुक्रवारी कनकाने मला रिक्षात घालून शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले. तपासायला मार्चच्या तुकडीतला, पहिल्या वर्गातला डॉक्टर होता. मला बघून तो खुर्चीतून उठला.

“अरे, तुम्ही! काय बेफाम काम करता हो!”

“नाटक नव्हे हो डॉक्टर,” कनका म्हणाली. “अंग भाजतंय त्यांचं. हात लावून तरी बघा.”

डॉक्टरने हात लावला नाही. तो आश्चर्याने तिच्याकडेच पाहत राहिला. “बाईंनाही नेमलं वाटतं? आज शुक्रवार, म्हणजे अज्ञान आणि अंधश्रद्धा. सुंदर!” आणि त्याने सगळ्या वॉर्डाला बोलावून आम्हाला दाखवले.

दुसऱ्या रुग्णालयातही मार्चचाच एक निघाला. तिसऱ्यात त्याचा मित्र. कनकाने मग कोणाला काही विचारले नाही. मला तांबरमच्या गाडीत बसवले, पुढे बैलगाडीत आडवे केले आणि सात मैल माझे डोके मांडीवर धरून बसली.

रत्नाकर चिंचेखाली टेबल टाकून बसला होता. समोर शे-दीडशे माणसांची रांग. खऱ्या लशीची पेटी त्याने नियमाप्रमाणे मागवली होती आणि अर्ज करणारा जिल्ह्यात तो पहिलाच असल्यामुळे ती लगेच मिळाली होती. त्याने मला ओळखले. खाटेवर घातले, कॅप्सूल सुरू केल्या, कनकाला पाणी उकळायला लावले. तीन आठवड्यांनी मी उठून बसलो.

“डॉक्टर,” मी म्हणालो, “त्या गुरुवारीं मी...”

“आधी पेज घ्या काका. गार होईल.”

मी पेज घेतली आणि लहान मुलासारखा रडलो. मीनाक्षीच्या वडिलांनी लग्न मोडले होते. पुढे दिवाळीत मीनाक्षी वडिलांना न विचारताच आली आणि आता तिथल्या बाळंतपणाच्या नोंदी ती ठेवते, तो भाग वेगळा.

योजना आजही उत्तम चालू आहे. वेळापत्रकाऐवजी रुग्णाकडे बघणारा डॉक्टर दरवर्षी न चुकता नापास होतो आणि शिक्षा म्हणून खेड्यात जातो. पाच वर्षांत आसपासच्या खेड्यांतली रोगराई निम्म्याने घटली. आमच्या कार्यालयाने हे यश आपल्या नावावर नोंदवले, आणि ते चूक आहे असे मला म्हणता येत नाही. मला काही दुखले-खुपले की मी तांबरमची गाडी पकडतो.

तुम्ही शहरातच राहता, नाही का? तुमचे डॉक्टर फार नामांकित आहेत, असे ऐकतो. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेले.